पेशींच्या कडेची हिरवी रेघ

सुमे, सांगली स्टँडवर बेंगळुरूची गाडी हलली तेव्हा आपली आई खिडकीपाशी येऊन एवढंच म्हणाली, "नाही जमलं तर सरळ परत ये. लाज कसली त्यात?"

इथे लॅबमध्ये आल्यावर ते 'नाही जमलं तर' मानगुटीवर बसलं. जिवंत पेशीतलं प्रथिन नुसतं ओळखू येत नाही. म्हणून त्याला हिरवं चमकणारं दुसरं प्रथिन जोडायचं आणि मायक्रोस्कोपखाली ते कुठे जातं ते बघायचं, हे माझं काम. माझं प्रथिन पेशीच्या कडेला जायला हवं होतं. कसलं जातंय! मधेच ढीग होऊन बसायचं. सर म्हणाले, "लास्ट ट्राय. नाहीतर प्रोजेक्ट बंद." घरी मी कुणालाच काही बोलले नाही.

लॅबमधली नंदिनी मल्लेश्वरमची, पिढ्यान्‌पिढ्या इथलीच, पण घरी मराठी. ती म्हणाली, "अक्का, प्रथिनाच्या शेपटाकडंच का जोडताय? त्याच टोकानं ते कडेला चिकटत असंल तर?" खरंच की! आम्ही चमकणारा तुकडा दुसऱ्या टोकाला लावला.

त्या दुपारी दिवे घालवून लेसर सुरू केला. प्रत्येक पेशीच्या कडेला हिरवी रेघ! रडले गं मी. आणि हावरटासारखी उजेड वाढवून बघतच राहिले. बघता बघता पेशींच्या अंगावर फोड यायला लागले.

"साकु, अक्का, साकु!" नंदिनी ओरडली. "बास करा, उजेडानं मरतील त्या!"

त्या पेशी गेल्याच. एकच डिश उरली होती. तिच्यावर अगदी मंद उजेड, तोही मधूनमधून क्षणभर. सारखं बघावंसं वाटत होतं, पण नाही बघितलं. त्या जगल्या आणि प्रोजेक्टही वाचला.

संध्याकाळी आईचा रोजचा व्हिडिओ कॉल. "तोंड दाखव. डोळे का सुजलेत? जेवलीस का?" मी कॅमेराच बंद केला. तिला लागलं असणार. समजाव गं तिला. मलाही रोज तुम्हाला बघायचं असतं. पण बघितलं की दुसऱ्या दिवशी हातून काम होत नाही, जीव तिकडेच राहतो. आता घर म्हणजे आठवडाभर न बघता, तुम्ही सगळी तिकडे ठीक आहात असं धरून चालणं. अवघड जातं, पण दुसरं जमत नाही.

रविवारी मीच कॉल करीन. आईला सांग, तेव्हा रडू आलं तरी कॅमेरा बंद करणार नाही.