रेच्यावरच्या जागा मी ठरवल्या

८ डिसेंबर १९३७, बुधवार. सकाळी धुई, नऊनंतर कोरडं ऊन, वारा नाही.

वहीतल्या त्या दिवसाची एवढीच ओळ अब्रूदार आहे. खालचं वाचून दाखवतो, पण आधी हातातला कप खाली ठेवा. हसताना चहा सांडला तर धोतर धुवायला मी येणार नाही!

परतूरच्या एका जिनिंग कारखान्यात मी हजेरी लिहिणारा मुन्शी होतो. मंगळवारी संध्याकाळी जुना मुकादम काम सोडून गावी गेला आणि शेठनी मला बोलावलं.

"मुन्शीजी, सोमवार-मंगळवारच्या वीस गाठी झाल्यात. शनिवारपर्यंत एकूण पन्नास गाठी मालगाडीच्या वाघिणीत चढवा. चढल्या तर मुकादमी तुमची. न्हाई चढल्या तर मी दुसरा माणूस पाहतो."

बारा वर्षं मी या एका वाक्याची वाट पाहिली होती! आणि तयारी म्हणाल, तर कारखान्यात माणसं कशी चालवावीत यावरचं एक पुस्तक पुण्याहून मागवून तीनदा वाचलं होतं. त्यातल्या दोन ओळींखाली तांबड्या रेघा ओढल्या होत्या. एक, चपळ माणसाला चपळच जोडीदार द्यावा. दुसरी, कामगाराला सल्ला विचारू नये, अधिकार कमी होतो.

कारखान्यात बारा रेचे. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारं यंत्र. प्रत्येक रेच्यावर एक बाई कापूस घालायची आणि एक गडी टोपल्यानं तिला कापूस आणून द्यायचा. टोपलं रिकामं झालं की बाईनं ओरडायचं, "आणा!" माणसं झाडून सगळी वाटूरची, हंगामापुरती आवारात पालं ठोकून राहिलेली. जुना मुकादम त्यांना हवं तिथं बसू द्यायचा. याला काय व्यवस्था म्हणायचं?

कोण किती चपळ, हे मी आधीच आठवडाभर घड्याळ लावून वहीत टिपलं होतं. बुधवारी सकाळी नावं वाचून मी जोड्या लावल्या. बारा बाया आणि बारा गडी माझ्याकडे बघतच राहिले. मला वाटलं, काय हा दरारा!

इंजिन सुरू झालं. पाच मिनिटांत निम्म्या बायांनी पदर थेट हनुवटीपर्यंत ओढले.

मी वहीत लिहिलं : 'धुळीचा त्रास.' लगेच जमिनीवर पाणी शिंपडलं. पदर तसूभर हलले नाहीत. उलट दोन गडी चिखलात घसरले.

मग पाहतो तर सगळ्यांत चपळ बाई, गिरजाबाई, रेचा सोडून उठल्या आणि स्वतःच टोपलं डोक्यावर घेऊन निघाल्या. त्यांचा गडी अंग चोरून भिंतीला टेकलेला. मी लिहिलं : 'बसून पाय आखडतात.' आणि तासातासाला सगळ्या बायांनी आवारात एक फेरी मारावी असा हुकूम काढला. बाया मुकाट्यानं फेऱ्या मारू लागल्या, रेचे मुकाट्यानं रिकामे फिरू लागले!

तेवढ्यात खण्‌ असा आवाज झाला. मग दुसरा, तिसरा. यंत्र बिघडलं! मी धावत जाऊन इंजिन बंद करायला लावलं. कासीम मिस्त्रींनी दोन तास एकेक चाक उघडून पाहिलं.

"मशीनां बराबर हैं, मुन्शीजी," ते हात पुसत म्हणाले. "आदम्यां देखो."

दिवसाअखेर गाठी झाल्या चार. गुरुवारी दुपारपर्यंत एक. मुकादमी हातातून निसटताना मला दिसत होती. शेवटी पुस्तक पेटीत टाकलं आणि गिरजाबाईंसमोर जाऊन उभा राहिलो. पन्नाशीची बाई, वाटूरच्या लोकांत तिच्या शब्दाला मान.

"गिरजाबाई, काय होऊन राह्यलं हे?"

"मुन्शीजी, तुमी माझ्या म्होरं कोण दिला?"

"सखाराम. सगळ्यात चपळ गडी."

"माझा जावई हाय त्यो! जावयाला टोपली वाहाया लावू? लेक नांदवायची हाय मला!"

गिरजाबाईंनी पलीकडच्या रेच्याकडं बोट केलं.

"आन ती सुंदरा. तिच्या म्होरं कोण?"

"बाजीराव."

"तिचा भासरा. नवऱ्याचा थोरला भाऊ. त्याला 'आणा' म्हणून हाक मारील का ती? तोंड तरी दावील का? बिचारी कालधरनं रिकामं डबडं आपटून राह्यली."

म्हणजे तो खण्‌ आवाज! दोन तास कासीम मिस्त्री उघडत बसले ते सुंदराचं डबडं होतं!

"अहो, मग मला सांगितलं का न्हाई?"

"तुमी इचारलं कुठं? तुमी तर नुस्तं लिहून राह्यलात."

तोवर मागं सगळे जमले होते. सुंदरा पदराआडून म्हणाली, "आन फेऱ्या मारायच्या का आता, मुन्शीजी?" मग जे हसणं उसळलं, ते इंजिनाच्या आवाजातही ऐकू गेलं.

मी वही उघडली आणि म्हणालो, "बसा गिरजाबाई. सांगा."

त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. सुंदराला धाकटा दीर, थट्टामस्करीचं नातं, "त्याला ती शंभरदा ओरडल." बाजीरावला त्याची सख्खी बहीण. सखारामला त्याची मावशी, "ती त्याला शिव्या घालून पळवल." अर्ध्या तासात बारा जोड्या झाल्या. सगळे नव्या जागी लागताच बारा रेच्यांवरून "आणा! अरे आण की, झोपला का?" असा गलका उठला. माझ्या अंगावर काटा आला, खोटं सांगत नाही. त्या दुपारी पाच गाठी. शुक्रवारी अकरा. जुन्या मुकादमाच्या काळात दहाच्या वर आकडा गेल्याचं माझ्या वहीत कुठंही नाही!

शनिवारी संध्याकाळी शेठ स्टेशनवर आले. वाघीण भरलेली. मी छाती काढून उभा.

"शाब्बास मुन्शीजी! जागा कशा लावल्या?"

मी अभिमानानं वही पुढं केली. माझी सवय तुम्हाला ठाऊकच आहे, काहीही गाळायचं नाही. प्रत्येक जोडी, जोडीपुढं नातं, आणि नात्यापुढं कंसात 'गिरजाबाईंच्या सांगण्यावरून', असं बारा वेळा. शेठनी बाराही ओळी वाचल्या.

गाठी एक्कावन्न चढल्या. सोमवारपासून गिरजाबाई मुकादम झाल्या, आणि त्यांच्या हाताखाली हजेरी लिहायला मी.