छाप बाहेर असलेलं पोतं

तुमसरच्या राइस मिलमध्ये मी कारकून होतो, तेव्हा एक साठीचा हमाल तिथे पोती शिवायचा. जुनं पोतं उलटून, छाप आत ठेवून तांदूळ भरायची रीत होती. हा मात्र आधी छापावर बोट ठेवून मला विचारायचा, "बाबूजी, हे कोनतं गाव?" मग सांडलेल्या कोंड्यात ती अक्षरं गिरवायचा.

एकदा त्याने छाप बाहेर ठेवूनच पोतं शिवलं. मुकादम ओरडला.

"राहू द्या जी," तो म्हणाला, "हे बिलासपूर मीनं कोनाले न इचारता वाचलं."

लगेच माझ्याकडे वळला. "बाबूजी, तिथं नदी कोनती हाय?"

मला ठाऊक नव्हतं. त्या संध्याकाळी, शाळा सोडल्यानंतर पहिल्यांदाच, मी नकाशा उघडला.