पाठीचं माप

एक्याण्णव-ब्याण्णवची गोष्ट. पेण-रोहा एस.टी.त एक बाई रोज माझ्या शेजारी बसायची आणि बसल्या बसल्या स्वेटर विणायला घ्यायची. नाव मी कधी विचारलं नाही. आमच्या घामाच्या मुलखात स्वेटर घालतो कोण, म्हणून मला हसू यायचं.

"लेकीसाठी. ती इस्रायलला राहायला गेली, तिकडं थंडी पडते," ती एकदा म्हणाली. "घरी तिच्या जुन्या कपड्यांची गोधडी शिवते."

"दोन्ही एकदम कसं जमतं?"

"स्वेटर झाला की पोस्टात टाकते. गोधडी पुरी करीतच नाय गो. पुरी झाली तर तिचे कपडे परत हातात कशाला येतील?"

गडबचा थांबा सुटल्यावर ती म्हणाली, "जरा पाठ इकडं कर. तू तिच्याएवढीच हायस."

तिनं विणलेला भाग माझ्या पाठीला लावला. माप लगेच झालं. नागोठणं आलं तरी तिचा हात पाठीवरच होता.