चांगल्या दिवसांची राखण

मी चौथीपर्यंत शिकलो. माझ्या आजाराचं इंग्रजी नाव मला लिहिता येत नाही. मला जेवढं कळलं तेवढं लिहितो. दोन-दोन महिने मी खाटेवर पडून राहायचो, दाढी नाही, अंघोळ नाही, कुणाशी बोलणं नाही. मग एके दिवशी उठायचो, आणि असा उठायचो की गावात माझ्याएवढा हुशार माणूसच नाही. मधे वर्षभर सरळही जायचं. अशी अकरा वर्षं औषधपाण्यावाचून गेली. त्यात दोष माझा आहे. मी कुणाचं ऐकत नव्हतो.

ती वर्षं कापसाची वाईट होती. पांढरकवड्याकडच्या आमच्या भागात आज ह्या गावचा, उद्या त्या गावचा माणूस फवारणीचं औषध पिऊन गेल्याचं कानावर यायचं. त्यावर बायकांनी आपसात एक रीत लावली होती. नवरा गप्प झाला, की फवारणीचे डबे पोत्यात घालून शेजारणीकडं ठेवायचे. तिचा गप्प झाला, की तिचे आपल्याकडं. नवऱ्यानं चहा मागितला, दोन शब्द हसून बोलला, की डबे परत. माझ्या घरून ते पोतं किती वेळा गेलं आणि किती वेळा आलं, त्याची मोजदाद नाही.

एकदा जीपमधून सरकारी माणसं आली. मी पडलेलाच होतो. एकानं वही काढून विचारलं, "कर्ज किती आहे?"

"एक रुपया नाही," मी म्हणालो. तेवढं सांगायला मात्र मी उठून बसलो.

"पीक?"

"चांगलं आहे."

त्यानं वही मिटली. "मग तुम्हाला झालं तरी काय?"

मी पुन्हा आडवा झालो. ते निघून गेले.

त्याच वर्षी दिवाळीनंतर मी उठलो. झोप तासभर पुरे व्हायची. सकाळी चार घरी चहा, पारावर भाषण, येणाऱ्या-जाणाऱ्याला जेवायचं आवतन. लोक खूश. "भाऊ बरे झाले," म्हणायचे. बायकोनं डबे परत आणले. डोक्यात आलं, की कापूस हे खुळ्याचं पीक आहे, इथं संत्र्याची बाग पाहिजे. वावरात कापसाची पऱ्हाटी उभी होती. पहिला वेचा झाला होता, अजून दोन यायचे होते. मी वीस माणसं लावली आणि उभी पऱ्हाटी उपटायला सांगितली.

एक जण म्हणाला, "भाऊ, बोंडं हिरवी हायेत ना!"

"तुले काय समजते? संत्रा खाशीन तवा याद करशीन."

सगळे हसले. मी त्या दिवशी बोलतच इतका छान होतो, की पाच एकर उपटून होईपर्यंत कुणी मला अडवलं नाही. बायको धावत आली, माझा हात धरला. मी वीस माणसांसमोर तिला म्हणालो, "तुझ्या बापानं कधी पाच एकर एका जागी पाह्यलं काय? जाय, भाकरी थाप." तेही लोकांना गमतीचं वाटलं. मलाही वाटलं.

तिनं भाकरी थापल्या. मग तीन दिवस उपटलेल्या झाडांवरची बोंडं तोडत बसली. ती अंगणात उन्हात घातली, जी फुटली त्यातला कापूस काढला, गाठोडं बांधून ठेवलं. काम उरकल्यावर पिशवी घेतली, पोराला बरोबर घेतलं.

"कुठं चालली?"

"फुलसावंगीले. माहेरी."

"कायले?"

"तुम्ही पडून राह्यता तवा मी तुमच्यापाशी बसतो. तुम्ही उठता तवा माह्यापाशी कोण बसते?"

मी म्हणालो, जाय. आठ दिवसांत येईल असं वाटलं. संत्र्याचं एक कलमही मी लावलं नाही. तोवर डोक्यात दुसरंच काही आलं होतं.

दोन वेळा आणायला गेलो. दोन्ही वेळा तिचं एकच म्हणणं, "यवतमाळच्या दवाखान्यात चला, तिथून घरी."

"मी पागल नाही."

"मी म्हणलं काय पागल?"

सासरा म्हणायचा, "जवाईबुवा, जेवून तं जा." मी न जेवता परत यायचो. चौदा महिने असे गेले.

मग पुन्हा पडलो. ह्या वेळी घरात मी एकटा. खाटेवरून कोनाड्यातले डबे दिसायचे. शेजारीण दोनदा दारात येऊन गेली, पण बायको घरी नसताना आत येऊन डबे कशी नेणार? तिसऱ्या दिवशी दुपारी मीच ते पोत्यात भरले आणि एसटीत बसलो. तेवढं उठायला मला सकाळपासून वेळ लागला होता.

कंडक्टर नाक दाबून म्हणाला, "काका, कायचा वास येऊन राह्यला?"

"घरचं सामान आहे."

"घरचं आहे तं पायाखाली ठेवा ना, लोकायच्या नाकाखाली काहून?"

फुलसावंगीला पोतं तिच्यापुढं ठेवलं. तिनं उघडून पाहिलं. मी म्हणालो, "हे तूच ठेव." ती आत गेली, लुगडं बदललं, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही यवतमाळला होतो.

डॉक्टरीणबाई तरुण होती. तिनं माझ्या पडण्याचं विचारलं, ते मी सांगितलं. मग तिनं विचारलं, "कधी खूप जोर येतो का? झोप लागत नाही, तरी थकवा नाही?"

"येतो," मी म्हणालो. "तवाच तं मी चांगला राह्यतो."

बायकोनं पदर डोळ्याला लावला आणि म्हणाली, "बाई, हे आजवर कोणी पुसलंच नव्हतं." मग तिनं सगळं सांगितलं, पऱ्हाटीचं, वीस माणसांचं, भाकरीचंही. मला भयंकर राग आला. पण तिच्या सांगण्यात खोटं काही नव्हतं.

गोळ्या सुरू झाल्या, रक्त तपासणं सुरू झालं. बायको पोराला घेऊन घरी आली. एकदा मी बरा झालो म्हणून दोन महिने गोळी सोडली. त्या वेळचं लिहीत नाही, शेजाऱ्यांची माफी मागून झाली आहे. त्यानंतर इतक्या वर्षांत सोडली नाही. तो जोर आता येत नाही. त्याची आठवण येते, हेही खरं आहे.

घरात एक गोष्ट मात्र सरळ झाली नाही. मी उदास दिसलो तर बायको घाबरत नाही. मी मोठ्यानं हसलो की घाबरते. परवा नातीच्या बारशाला मी चार बायकांना हसवलं, तर ती हातातलं ताट ठेवून माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "घेतली काय?"

"घेतली."

ती तिथंच उभी. मी खिशातून गोळ्यांचं पाकीट काढून तिला आजच्या गोळीची रिकामी जागा दाखवली. पाहुण्यांसमोर असं दाखवायला मला फार राग येतो. पण दाखवतो.