आमचा महेश सरकारात लागला

चहा घ्या, मग ऐका. आमच्या महेशचं जमत आलेलं लग्न म्या एकटीनं मोडलं. एकटीनं म्हंजी, दिल्लीच्या दोन मंत्र्यांचा हातभार होता. थोरामोठ्यांचं श्रेय कशाला बुडवू?

महेश माझा नातू. दोन डिग्र्या झाल्या, आन् हातात म्हशीचं दावं. ईट गावच्या बाजारात गेलं की जो भेटंल तो एकच इचारायचा, "महेश लागला का कुठं?" लागला म्हंजी नोकरीला. पोरगा लागल्याबिगर आमच्याकडं कुणी पोरगी देत न्हाई.

भूमचे पाव्हणे घर बघायला येणार होते. त्या सकाळी म्या टीव्हीम्होरं लसूण सोलीत बसले होते. दोन मंत्री बोलत होते. एक संसदेच्या कामकाजाचा मंत्री. कामकाज चालवायला बी येगळा मंत्री लागतो, हे मला नवीनच. त्यो रडत होता, की इरोधकांच्या गोंधळानं सभा दोनदा बंद पडली, काम काय झालंच न्हाई. पगार बंद पडल्याचं मातर बोलला न्हाई. दुसरा कामगार खात्याचा, लई खुशीत. म्हणाला, देशात रोजगार वाढलाय. "पगार नसला तरी घरच्या शेतात, घरच्या धंद्यात जो राबतो, तो आमच्या हिशोबानं कामाला लागलेलाच आहे."

माझ्या हातातली लसणाची कुडी खाली पडली. म्हंजी आमचा महेश लागला, आन् आमालाच पत्ता न्हाई?

पाव्हणे आले. पोरीचा बाप, आन् संगं पोरीची आत्या. पोहे झाले. बापानं घसा खाकरला.

"मुलगा काय करतो, आजी?"

"लागलाय की."

"कुठं?"

"सरकारात."

आत्याची बशी हातातच ऱ्हायली. सूनबाई दारातनं माझ्याकडं डोळे वटारून बघत होती. म्या तिकडं बघितलंच न्हाई.

"कोणतं खातं?"

"कामगार खातं. मंत्र्यानं आज सकाळीच सांगितलं."

"मंत्र्यांची वळख हाय?"

"रोज सकाळी दिसतेत."

खोटं बोलले का म्या? तुमीच सांगा.

"पगार?" आत्यानं इचारलं.

"अजून चालू न्हाई झाला."

"सुरुवातीला लांबतोच," बापानं तिला समजावलं. "सरकारी काम हाय. आन् आजी, बदलीचं काय?"

"बदली कशाची? इथंच हाय, कायम."

"कायम बी झाला?" बापानं तिथनंच घरी फोन लावला. "पोरगा कायम हाय. सुपारीची तारीख बघा."

तेवढ्यात महेश आला. डोक्यावर वैरणीचा भारा, पाय शेणानं भरलेले. बाप चटकन उठून उभा ऱ्हायला.

"या साहेब. ड्युटीवरनं आलात?"

"न्हाय, गोठ्यातनं आलो."

"तसं न्हाय. हापीस कुठं तुमचं?"

"कसलं हापीस?"

समदे माझ्याकडं बघाया लागले. मग म्या मंत्र्याचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. एक बी इसरले न्हाई.

 बापानं टोपी घातली. "आजी, त्या मंत्र्याला लेक असंल तर तिचंच बघा आता."

आत्या त्याच्या वरचढ. चप्पल घालता घालता म्हणाली, "ह्या हिशोबानं आमची पोरगी धा वर्साची असल्यापसनं नोकरीत हाय. तिथली बिनपगारी सोडून इथल्या बिनपगारीत कशाला घालू तिला?"

महेश आठ दिस माझ्याशी बोलला न्हाई. आता नवं स्थळ यायचं असलं की सूनबाई मला आधीच गोठ्यात धाडती. "आत्याबाई, पाव्हणे जाईपतुर तिकडंच ऱ्हावा. भाईर तोंड दावू नगा." ऱ्हाते बापडी. नुसतं काय बसायचं, म्हणून वैरण टाकते, शेण काढते.

तवा पुढच्या बारीला टीव्हीवर मंत्री म्हणाला की देशात रोजगार आणखी वाढलाय, तर हसू नगा. वाढलेली ती म्या हाय.