चाळीस मिनिटं पाणी

कुठल्याही लॅबमध्ये किस्से साचतातच, फक्त रजिस्टरला त्यांची नोंद नसते. आमच्या वाशीमच्या कॉलेजातले बहुतेक किस्से विद्यार्थ्यांचे आहेत. हे मात्र माझे, आणि सांगताना अजून मान खाली जाते.

*

ठिबकचं पाणी किती वेळ सोडायचं हे सांगणारं एक सिम्युलेशन मॉडेल मी बनवलं होतं. माती, पीक, ऊन यांचे आकडे फंक्शनला द्यायचे, फंक्शन मॉडेल चालवणार आणि मिनिटं छापून येणार; तो कागद मी शेतकऱ्याला द्यायचो. केनवडच्या शांताबाईंची काळी माती, वांगी: चाळीस मिनिटं. धनजच्या एका भाऊंची मुरमाड जमीन, टोमॅटो: चाळीस मिनिटं.

लॅब असिस्टंट विठ्ठल म्हणाला, "सर, तुमचं मॉडेल शब्दाचं लय पक्कं हाय."

मी त्याला थँक्यू म्हणालो!

*

पुढे पाहुण्यांसमोर डेमो झाला. एकाने विचारलं, उत्तर बदलत कसं नाही? मी ऐटीत सांगितलं, "मॉडेल स्टेबल आहे." टाळ्या पडल्या. आठवलं की आजही कानशिलं तापतात.

*

माझी जुनी विद्यार्थिनी रेखा आता आमच्याकडेच शिकवते. तिने एकदा सहज मातीची खोली शून्य टाकून पाहिली आणि मला हाक मारली.

"सर, वावरात मातीच नाही. तरी हे चाळीस मिनिटं पाणी देऊन राह्यलं."

*

झालं होतं असं, की फंक्शनला दिलेले आकडे फंक्शनच्या आतच राहत होते. मॉडेल तिथे बघतच नव्हतं. ते बघत होतं बाहेरच्या सामाईक वर्कस्पेसमध्ये, आणि तिथे पहिल्या दिवशी ट्रायलला टाकलेले माझे आकडे पडून होते. कॉलेजच्या लॉनचे! दुरुस्ती एका ओळीची होती: आकडे फंक्शनच्या आतून घे, असं मॉडेलला सांगायचं. हाच प्रश्न मी दरवर्षी पेपरात टाकतो, पाच मार्कांना.

*

एचओडी म्हणाले, "एका ओळीचीच चूक ना? दुरुस्त करा अन् गप बसा. गावभर कायले सांगता?"

आणि मी तीन दिवस खरंच गप्प बसलो. चुकीपेक्षा त्या तीन दिवसांची लाज जास्त वाटते. धनजच्या भाऊंचं ठिबक अजून बसायचं होतं, ते वाचले. पण शांताबाईंचं वर्ष त्या वांग्यांवर होतं, आणि काळ्या मातीत एवढं पाणी म्हणजे मुळं कुजणार.

*

चौथ्या दिवशी मोटरसायकल काढून केनवड गाठलं. शांताबाईंची वांगी तजेलदार होती. फक्त बांधाकडच्या दोन ओळी पिवळ्या पडल्या होत्या. मी चूक सांगितली, हात जोडले.

"मले मालूम होतं, सर," त्या म्हणाल्या. "चाळीस मिनिटं आमच्या मातीले लय होते. आमी आपल्या अंदाजानं पाणी देलं."

"मग या दोन ओळी?"

"त्या तुमच्या कागदापरमानं ठेवल्या. एखाद्या दिवशी तुमी पाहाले आले असते, अन् कोनीच तुमचं आयकलं नाही असं दिसलं असतं, तं तुमाले वाईट वाटलं असतं."