गोदाक्काची उरलेली गोष्ट

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी आयटीतला माणूस, लॉग बघितल्याशिवाय काही मानत नाही.

अण्णा, म्हणजे माझे वडील, गेल्यावर आईला पुण्याहून इथे अमेरिकेत, अल्फारेटाला आणायचं ठरलं. निघताना बॅगेचं वजन जास्त भरलं. आई शेजारी निरोप घ्यायला गेली होती. मी अण्णांची जाडजूड इंग्रजी कादंबरी काढून कपाटावर ठेवली... आणि थालीपिठाची भाजणी बॅगेत राहू दिली. मला आवडते म्हणून.

कादंबरी शंभरेक वर्षांपूर्वीची, एका इंग्लिश खेड्यातल्या शिंपिणीची. लेखकाचं नाव आता कुणाला ठाऊक नाही. अण्णा मात्र रोज दुपारी आईला त्यातलं पानभर मराठीत सांगायचे. शिंपिणीला त्यांनी गोदाक्का करून टाकलं होतं. गोष्ट अर्ध्यात असतानाच ते गेले.

इथे आल्यावर आईनं पुस्तक मागितलं. "सामानात असेल कुठेतरी," मी म्हणालो. बरेच दिवस हेच.

शेवटी माझ्या मुलीनं, इरानं, ऑडिओबुक शोधलं. कुणा अनोळखी बाईंनी हौसेनं वाचून ठेवलेलं. "आजी, इट्स फ्री. रायटर खूप आधी गेला ना."

आईला इंग्रजी येत नाही. तरी दुपारी स्पीकर लावून बसायची, शेजारची खुर्ची रिकामी ठेवून.

एकदा घरूनच काम करत होतो. तिचं हसू ऐकू आलं, म्हणून चहा घेऊन गेलो.

"अरे, गोदाक्कानं पाद्रीबुवाचा कोट उलटा शिवला. आणि तो बावळट तसाच चर्चला निघाला."

माझ्यामागून आलेल्या इरानं फोनवर ते प्रकरण तपासलं. "बाबा, एक्झॅक्टली हेच आहे. हाउ डज शी नो?"

"आई, तुला इंग्रजी कधीपासून कळायला लागलं?"

"मला कुठलं कळतंय? हे सांगतायत ना. मध्येच चष्मा पुसत बसतात, तेवढाच खोळंबा." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "पुस्तक कपाटावर राहिलंय म्हणे. भाजणीपायी. म्हणाले, पोराला रागावू नकोस."

कोटाचं तिनं अंदाजानं सांगितलं असेल, असं मी स्वतःला समजावून पाहिलं. पण भाजणीचं मी कुणालाच बोललो नव्हतो — बायकोलाही नाही. आजही मला याचा उलगडा झालेला नाही.

"आई, चुकलं माझं."

"मला काय सांगतोस? त्यांना सांग. पण प्रकरण संपू दे आधी."

हातात ट्रे घेऊन मी उभा राहिलो. प्रकरण संपलं. रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणालो, "अण्णा, चुकलं माझं. भाजणी मागे ठेवायला हवी होती."